जीपीएस गेल्यावर जमिनीवरून जागा ओळखणे: रडार अल्टिमीटर, लेझर की कॅमेरा?

जीपीएसचा सिग्नल सुमारे २०,००० किलोमीटरवरून येतो आणि विमानापर्यंत पोचेस्तोवर इतका क्षीण झालेला असतो, की जवळचा एखादा साधा जॅमरही त्याला बुडवतो. २०२२ नंतर बाल्टिक समुद्राच्या परिसरात आणि पूर्व भूमध्य भागात उडणाऱ्या वैमानिकांना हे नेहमीचे झाले आहे. जॅमिंगमध्ये निदान सिग्नल गेल्याचे समजते. स्पूफिंगमध्ये, म्हणजे कुणी खोटा सिग्नल पाठवला तर, रिसीव्हर चुकीची जागा अगदी ठामपणे सांगत राहतो, आणि ते जास्त घातक आहे.

कमी उंचीवरून उडणारे विमान, हेलिकॉप्टर किंवा मोठा ड्रोन ज्यांना सज्ज करायचा आहे, त्यांच्यापुढे म्हणूनच प्रश्न उभा राहतो की उपग्रहांखेरीज दुसरा आधार कोणता. खालच्या जमिनीचे चढउतार मोजून ते नकाशाशी जुळवणे हा त्यातला जुना आणि कसाला उतरलेला मार्ग. पण खाली बघणारा सेन्सर कोणता घ्यावा, जुळवणी कोणत्या पद्धतीने करावी आणि मुळात हा मार्ग आपल्या कामाचा आहे का, यावर बहुधा सरसकट उत्तरे मिळतात. माझे मत असे की सेन्सरचे माहितीपत्रक हातात घेण्याआधी ज्या जमिनीवरून उडायचे तिचा उंचीचा नकाशा उघडावा. तिथला उतार किती आणि आपण जमिनीपासून किती उंच असणार, एवढ्यावरून निम्म्याहून अधिक निर्णय होऊन जातो.

उताराचा हिशेब

विमानातली इनर्शियल यंत्रणा, म्हणजे आयएनएस, वेग आणि दिशेतले बदल मोजत जागा काढत राहते. तिची चूक साचत जाते. चांगल्या, महागड्या नॅव्हिगेशन दर्जाच्या आयएनएसची जागा तासाभरात साधारण एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर सरकते. स्वस्त मेम्स, म्हणजे चिपवरच्या सूक्ष्म, सेन्सरवर चालणारी यंत्रणा तेवढी चूक काही मिनिटांत करते. उंचीच्या बाबतीत तर आयएनएस एकटा टिकतच नाही, त्याला बॅरोमीटरचा टेकू द्यावा लागतो.

आता आयएनएस आणि बॅरोमीटर मिळून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतात. रडार अल्टिमीटर सांगतो ती थेट खालच्या जमिनीपासूनची उंची. पहिलीतून दुसरी वजा केली की खालची जमीन समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ते मिळते. असा एकच आकडा नकाशावर हजार ठिकाणी सापडेल. पण उडता उडता ओळीने घेतलेल्या शेकडो आकड्यांची रांग, म्हणजे ही दरी, मग हा कडा, मग हे पठार, अशी दुसरीकडे क्वचितच बसते.

यातून किती अचूक जागा मिळेल? उंचीच्या मोजणीतली एकूण चूक भागिले जमिनीचा उतार, हा ढोबळ पण फार उपयोगी हिशेब आहे. रडार, बॅरोमीटर आणि नकाशा या तिघांची मिळून चूक ५ मीटर धरा. उतार १० टक्के असेल तर एका मोजणीतून जागेची चूक ५० मीटरच्या आसपास. उतार १ टक्का असेल तर ५०० मीटर. आणि नदीच्या गाळाच्या मैदानावर, जिथे उतार ०.२ टक्के भरतो, तिथे अडीच किलोमीटर. चांगला आयएनएस तासभर एकट्याने उडाला तरी त्याहून बरे उत्तर देईल. मोजण्या वाढवल्या की सरासरीने चूक कमी होते हे खरे, पण पाठ्यपुस्तकातल्या वर्गमुळाच्या वेगाने नाही. कारण नकाशातली आणि बॅरोमीटरमधली चूक शेजारशेजारच्या मोजण्यांमध्ये जवळपास तीच असते, ती सरासरीत विरत नाही.

१९९१ च्या आखाती युद्धात याचा पडताळा आला. टॉमहॉक क्षेपणास्त्रे तेव्हा जमिनीच्या चढउतारांवरच वाट ओळखत होती, आणि दक्षिण इराकचे वाळवंट त्यासाठी फारच सपाट होते. म्हणून काही मार्ग इराणच्या डोंगराळ भागावरून आखल्याचे नंतर प्रसिद्ध झाले. तिथे सेन्सर बदलून काही साधले नसते.

रडार की लेझर

खाली बघणाऱ्या सेन्सरमध्ये खरी तुलना या दोघांची. दोघेही अंतरच मोजतात, पण जमिनीचा वेगवेगळा भाग बघतात, आणि निवड तिथेच होते.

विमानातला नेहमीचा रडार अल्टिमीटर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. हा पट्टा जगभर याच कामासाठी राखलेला आहे. त्याच्या अँटेनाचा झोत रुंद असतो, अगदी ४० ते ६० अंशांचा. ही रुंदी मुद्दाम ठेवलेली आहे. विमान वळताना २० अंश कलंडले तरी सरळ खालची जमीन झोतातच राहते आणि मोजणी तुटत नाही. लेझरचा झोत याउलट सुईसारखा. एक मिलिरेडियनचा झोत १,००० मीटरवरून जमिनीवर जेमतेम एक मीटरचा ठिपका पाडतो. त्यामुळे लेझर नेमकी एकच जागा मोजतो, पण ती जागा विमान ज्या दिशेला झुकले असेल तिथली. २० अंश कलंडलेल्या विमानातून सपाट जमिनीचे १,००० मीटर हे अंतर १,०६४ मीटर दिसते. ही दुरुस्ती आयएनएसकडून कोन घेऊन करता येते, आणि कोन अचूक असेल तर उत्तम होते. कोनात एका अंशाची चूक राहिली, तर १,००० मीटरवरून ठिपका १७ मीटर बाजूला पडतो. सेन्सर विमानाच्या सांगाड्यावर नीट घट्ट आणि मोजून बसवलेला असणे लेझरच्या बाबतीत म्हणूनच फार महत्त्वाचे आहे. रडार इथे बरेच माफ करतो.

रडारच्या रुंद झोताची किंमत वेगळीकडे मोजावी लागते. तो झोतातल्या सर्वांत जवळच्या जमिनीवर कुलूप लावतो, आणि डोंगराळ भागात ती जमीन बहुतेक वेळा थेट खाली नसते. समजा, ३० टक्के उतार असलेल्या लांब डोंगरकुशीवरून आपण उडतो आहोत आणि सरळ खालची जमीन ६०० मीटरवर आहे. उताराला लंब काढला तर सर्वांत जवळचा बिंदू सुमारे ५७५ मीटरवर आणि १६५ मीटर बाजूला येतो. झोत पुरेसा रुंद असल्याने रडार ५७५ हाच आकडा देणार. आपण तो खालच्या बिंदूचा समजून नकाशाशी जुळवायला गेलो, तर २५ मीटरची चूक पहिल्याच पायरीला शिरली. आधीच्या हिशेबातल्या ५ मीटरच्या गृहीताचा तिने पार बोजवारा उडवला.

यावर उपाय आहे, आणि तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. नकाशावरून अपेक्षित आकडा काढताना सरळ खालच्या बिंदूची उंची घ्यायची नाही. विमानाचा कल धरून झोताच्या आत येणारी सगळी जमीन तपासायची आणि तिच्यातले सर्वांत कमी अंतर घ्यायचे. गणित थोडे वाढते, आजच्या संगणकांना ते जाणवतही नाही. तरीही ही पायरी गाळलेल्या प्रणाली दिसतात, आणि मग डोंगरात निकाल बिघडला की दोष रडारवर येतो. विकत घेताना विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न माझ्या मते हाच असावा: तुमचे मोजमापाचे मॉडेल खालचा बिंदू घेते की झोतातला जवळचा बिंदू?

याहून पुढचा उपाय म्हणजे इंटरफेरोमेट्रिक रडार अल्टिमीटर. त्यात एकाहून अधिक अँटेना असतात आणि परतलेल्या लहरीच्या फेजमधल्या फरकावरून जवळचा बिंदू कोणत्या बाजूला आहे तेही समजते. म्हणजे अंतराबरोबर दिशाही मिळाली, आणि रुंद झोताची अडचण फायद्यात बदलली. डोंगराळ भागात सतत उडणाऱ्या महागड्या विमानासाठी हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. लहान ड्रोनसाठी वजन आणि किंमत दोन्ही जास्त.

हवामानात मात्र रडारला तोड नाही. ढग, धुके, धूळ, धूर, साधा पाऊस, सगळ्यांतून त्याची सात सेंटिमीटरची लहर आरपार जाते. लेझर दाट ढगात शिरताच आंधळा होतो, आणि कमी उंचीवरच्या उड्डाणात ढगाचा तळ वारंवार आडवा येतो. शांत पाण्यावरही लेझरचा प्रकाश आरशासारखा दुसरीकडे निघून जातो. रडारला पाण्यावरून दणदणीत परतावा मिळतो. पाणी सपाट असल्याने त्यातून जागा कळत नाही, तरी समुद्र किंवा ज्याची पातळी माहीत आहे असा जलाशय खाली आला की बॅरोमीटर किती चुकतो आहे हे रडार लगेच दाखवून देतो. ही फुकट मिळणारी दुरुस्ती प्रणालीने वापरलीच पाहिजे.

जंगलाचा प्रश्न दोघांनाही आहे. रडारचा परतावा झाडांच्या शेंड्यांपासून खालच्या जमिनीपर्यंत कुठूनही येऊ शकतो आणि पानगळीच्या ऋतूत तो खाली सरकतो. लेझर पानांमधल्या फटींतून जमीन गाठतो, आणि पहिला व शेवटचा परतावा वेगळा ओळखणारे यंत्र असेल तर शेंडे आणि जमीन दोन्ही सांगतो. कोरड्या बर्फात रडारची लहर आत शिरते, लेझर वरच्या थरावरूनच परततो. बर्फाचा थर जाड असणाऱ्या प्रदेशासाठी हे लक्षात ठेवावे.

पल्ला हा रडारच्या बाजूचा फसवा मुद्दा. प्रवासी विमानांत बसणारा रेडिओ अल्टिमीटर (रडार अल्टिमीटरचेच दुसरे नाव) २,५०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ७६० मीटरपर्यंतच आकडा देतो, कारण तो उतरण्याच्या टप्प्यासाठी बनवलेला असतो. ३५,००० फुटांवरच्या विमानाला त्याचा या कामी काहीच उपयोग नाही. त्याची अचूकताही जमिनीजवळ दीड-दोन फुटांची असते, पण वर जाता जाता ती उंचीच्या टक्क्यात मोजली जाते. २ ते ३ टक्के म्हटले की ७०० मीटरवर १४ ते २१ मीटर झाले. माहितीपत्रकावर ठळक छापलेला आकडा बहुधा खालच्या पल्ल्याचा असतो, म्हणून आपण ज्या उंचीवर उडणार तिथली चूक लेखी मागून घ्यावी. लष्करी अल्टिमीटरचा पल्ला जास्त असतो. ड्रोनसाठी मिळणारी २४ किंवा ७७ गिगाहर्ट्झची चिमुकली रडारे हलकी आणि स्वस्त आहेत, पण ती बहुतांशी जमिनीजवळच्या कामाची. शंभर मीटरच्या आत उडत असाल तरच त्यांचा विचार करा.

बॅरोमीटर

बॅरोमीटरची तुलना रडारशी करण्यात अर्थ नाही, तो या हिशेबाचा दुसरा पाय आहे. त्याची एक खोड मात्र माहीत हवी. हवेचे तापमान प्रमाण तापमानापेक्षा १० अंशांनी कमी असेल, तर दाबावरून काढलेली उंची साधारण ४ टक्क्यांनी जास्त येते. २० अंश थंड हवेत, दाबाची जुळवणी ज्या ठिकाणाहून घेतली त्याच्या १,००० मीटर वर, ८० मीटरची तफावत पडली. बॅरोमीटरची चूक स्वतंत्र अज्ञात म्हणून फिल्टरमध्ये, म्हणजे सगळ्या मोजण्या एकत्र करून जागेचा अंदाज काढणाऱ्या गणितात, धरलेली नसेल, तर ही सगळी तफावत जागेच्या चुकीत उतरते. तशी सोय नसलेली प्रणाली मी पुढे पाहणारही नाही.

रडार की कॅमेरा

खालच्या जमिनीचे छायाचित्र घेऊन ते साठवलेल्या उपग्रहचित्राशी जुळवणे हा पूर्ण वेगळा मार्ग, आणि आज ड्रोनच्या जगात याचीच चलती आहे. ते समजण्यासारखे आहे. कॅमेरा स्वस्त, हलका, काहीही प्रक्षेपित न करणारा. शिवाय एकाच चित्रातून उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम दोन्ही दिशांची जागा मिळते. रडार अल्टिमीटरला त्यासाठी काही किलोमीटर उडावे लागते. सपाट पण खुणांनी भरलेल्या जमिनीवर, म्हणजे शेतांचे बांध, रस्ते, कालवे, वस्ती असलेल्या मैदानावर, रडार हतबल होतो आणि कॅमेरा काही मीटरपर्यंत अचूक जागा देतो.

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरताना नासाच्या पर्सिव्हिअरन्स यानाने हेच केले. कक्षेतून आधी घेतलेल्या चित्रांशी खालचे दृश्य जुळवून ते धोकादायक जागा टाळत उतरले. पण तिथे ढग नव्हते, झाडे नव्हती, पिके नव्हती आणि उतरण्याची वेळ आधीच ठरलेली होती. पृथ्वीवर कॅमेऱ्याला रात्र आहे, धुके आहे, ढग आहे. पेरणीनंतरचे शेत कापणीनंतर ओळखू येत नाही. बर्फ पडला की सगळा नकाशाच पांढरा. इन्फ्रारेड कॅमेऱ्याने रात्रीचा प्रश्न काही अंशी सुटतो, पण त्याचे चित्र दिवसाच्या उपग्रहचित्राशी जुळवणे कठीण जाते.

जमिनीची उंची ऋतूंप्रमाणे बदलत नाही. उंचीच्या नकाशाचे हे मोठे बळ आहे. खाणी, धरणे, दरडी आणि वितळणाऱ्या हिमनद्या सोडल्या तर दहा वर्षांपूर्वीचा उंचीचा नकाशा आजही चालतो. साठवणीतही मोठा फरक पडतो. ३० मीटर अंतराने बिंदू असलेल्या एक अंश बाय एक अंश चौकटीचा उंचीचा नकाशा साधारण २६ मेगाबाइटमध्ये मावतो. विषुववृत्ताजवळ ही चौकट सुमारे १२,००० चौरस किलोमीटरची. तेवढ्याच भागाचे एक मीटर तपशिलाचे करडे चित्र कच्च्या रूपात १२ गिगाबाइट घेते.

म्हणून हे दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून पाहणे मला पटत नाही. टॉमहॉकमध्ये मधल्या वाटेवर उंचीची जुळवणी आणि शेवटच्या टप्प्यात चित्रांची जुळवणी अशी विभागणी सुरुवातीच्या काळातच झाली. चंद्रयान-३ च्या विक्रम लँडरवर, जो २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरला, केए-बँडचा (छोट्या लहरींचा) रडार अल्टिमीटर, लेझर अल्टिमीटर आणि जागा ओळखणारा कॅमेरा असे तिन्ही होते. जिथे दुसरी संधी नसते तिथे माणसे वेगवेगळ्या कारणांनी चुकणारे सेन्सर एकत्र बसवतात. ढगामुळे रडार चुकत नाही, सपाटीमुळे कॅमेरा चुकत नाही.

प्रक्षेपणाचा मुद्दा लष्करी वापरासाठी खरा आहे. रडार अल्टिमीटर बोलतो, कॅमेरा फक्त बघतो. पण अल्टिमीटरची शक्ती बहुधा एक वॅटच्या आसपास किंवा कमी असते आणि तो खाली बोलतो. उंचीनुसार शक्ती कमी-जास्त करणारे अल्टिमीटर हे प्रक्षेपण आणखी दडवतात. नागरी वापरात याचा विचार करण्याची गरज नाही.

चुंबकीय नकाशावरून जागा ओळखण्याचा पर्याय हल्ली बराच ऐकू येतो. तो समुद्रावरही चालतो, ही त्याची खरी ताकद. विमानाच्या स्वतःच्या चुंबकत्वातून जमिनीचा संकेत वेगळा काढणे आणि पुरेसा बारीक नकाशा मिळणे, या दोन अडचणी अजून मोठ्या आहेत. समुद्रावरून लांब उडायचे नसेल तर आज त्यावर पैसे लावू नयेत.

जुळवणी कशी करायची

सेन्सर ठरला तरी निम्मे काम उरते. तीन घराणी आहेत.

सर्वांत जुने टेरकॉम. कल्पना १९५८ ची. काही किलोमीटरची उंचीची पट्टी गोळा करायची, ती नकाशातल्या प्रत्येक शक्य जागी ठेवून पाहायची आणि सरासरी फरक सर्वांत कमी येईल ती जागा घ्यायची. साधे, भक्कम, आणि सुरुवातीची चूक काही किलोमीटरची असली तरी चालते. पण पट्टी गोळा होईपर्यंत जवळपास सरळ उडावे लागते, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये आयएनएस एकटा असतो. एकसारख्या टेकड्यांच्या रांगेत चुकीची जागाही छान जुळून येते, म्हणून लागोपाठच्या तीन जुळवण्यांमध्ये बहुमत घेण्याची पद्धत आहे.

दुसरे सिटान, अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात आकाराला आलेले. इथे प्रत्येक मोजणी आली की कालमन फिल्टर जागा थोडी थोडी दुरुस्त करतो. वळणे घेत उडले तरी अडत नाही. अट एकच, आणि ती कडक आहे: सुरुवातीची चूक लहान हवी, साधारण काही शे मीटरच्या आत. फिल्टर जमिनीला जवळपास सरळ उतार समजतो. चूक मोठी असली की त्याला शेजारच्या टेकडीचा उतार दिसतो आणि तो ठामपणे चुकीकडे चालू लागतो. ब्रिटिश एरोस्पेसमध्ये जन्मलेले आणि पुढे अनेक लढाऊ व मालवाहू विमानांत बसलेले टेरप्रॉम ही या कामाची बहुधा सर्वांत यशस्वी व्यावसायिक प्रणाली. तिथे आधी मोठ्या भागात शोध आणि मग बारीक पाठलाग अशी दोन पावले टाकली जातात.

तिसरे घराणे पार्टिकल फिल्टर आणि त्याचे भाऊबंद. १९९९ मध्ये निकलस बर्गमन यांनी स्वीडनच्या लिंशोपिंग विद्यापीठातल्या प्रबंधात या पद्धती भूप्रदेशावरून जागा ओळखण्यासाठी नीट मांडल्या. हजारो संभाव्य जागा, म्हणजे कण, एकाच वेळी जिवंत ठेवायच्या, प्रत्येक मोजणीनंतर न जुळणाऱ्या मागे टाकायच्या. "मी इथे असेन किंवा तिथल्या दुसऱ्या दरीत" असे दोन वेगळे अंदाज हा फिल्टर धरून ठेवू शकतो, आणि जमिनीने निर्णायक पुरावा दिला की एक सोडतो. कालमन फिल्टरला हे जमत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आज तिसरे घराणे घ्यावे असे मला ठामपणे वाटते. पूर्वी त्याच्या विरोधात गणिताचा भार हे कारण होते. दहा हजार कणांचा फिल्टर सेकंदाला काही वेळा चालवणे आता हातभर लांबीच्या ड्रोनवरच्या संगणकालाही सहज जमते. जागा कणांमध्ये ठेवावी, वेग, कोन आणि बॅरोमीटरची चूक यांच्यासाठी प्रत्येक कणामागे छोटा कालमन फिल्टर चालवावा, म्हणजे कण कमी लागतात. कण बेताने ठेवून सपाट भागावरून गेलात तर मात्र सगळे कण एका चुकीच्या गोळ्यात गोठू शकतात. तिथे कणांना पुन्हा पसरू देणारी तरतूद लागते.

नकाशा निवडताना

फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या एन्डेव्हर अंतराळ शटलने ११ दिवसांत ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्याचा रडार नकाशा घेतला. तो एसआरटीएम, ३० मीटर अंतराचा, खुला. ठरवलेली अचूकता १६ मीटर होती, बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात बरी निघाली. टॅनडेम-एक्स उपग्रहजोडीच्या मोजणीवरून केलेला कोपर्निकस ३० मीटर नकाशा नवा आहे आणि ध्रुवांकडेही पोचतो. नव्याने सुरू करायचे तर मी तोच घेईन.

जंगलावर नकाशाची निवड लोक उलटी करतात. झाडे काढून टाकलेला, निव्वळ जमिनीचा नकाशा जास्त चांगला, असे वाटते. पण रडार अल्टिमीटरला बहुधा झाडांचा वरचा भाग दिसतो, आणि एसआरटीएमच्या ५.६ सेंटिमीटर लहरीलाही झाडोऱ्याचा वरचा भागच दिसला होता. रडारसाठी म्हणून झाडांसकटचा पृष्ठभाग दाखवणारा नकाशा जास्त जवळचा. शेवटचा परतावा देणाऱ्या लेझरसाठी निव्वळ जमिनीचा.

उंचीचा पायाही तपासा. एसआरटीएमच्या उंच्या ईजीएम९६ जिओइडवर, म्हणजे समुद्रसपाटीच्या एका गणिती मॉडेलवर आहेत, कोपर्निकसच्या ईजीएम२००८ वर, आणि जीपीएस मुळात एलिप्सॉइडपासून, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत लंबगोलापासून मोजतो. एलिप्सॉइड आणि जिओइड यांच्यातला फरक जगात सुमारे उणे १०५ ते अधिक ८५ मीटरपर्यंत जातो. एकाच हिशेबात दोन पाये मिसळले तर प्रणाली डोंगरात कशीबशी चालते आणि मैदानाकडे येताच विनाकारण भरकटते, आणि कारण शोधण्यात आठवडे जातात.

रडार चुकला तर

२५ फेब्रुवारी २००९ रोजी टर्किश एअरलाइन्सचे १९५१ हे उड्डाण ॲम्स्टरडॅमजवळ कोसळले आणि नऊ जणांचा जीव गेला. डावा रेडिओ अल्टिमीटर उणे ८ फूट दाखवत होता. विमान जमिनीला टेकते आहे असे समजून ऑटोथ्रॉटलने, म्हणजे इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेने, ती ताकद काढून घेतली, आणि वेग घसरत गेल्याचे वेळेत लक्षात आले नाही. त्या आकड्यावर "हा बिघडलेला आहे" असा शिक्का नव्हता, म्हणूनच तो वापरला गेला.

जागा ओळखण्याच्या प्रणालीत हा धडा थेट लागू होतो. प्रत्येक आकडा फिल्टरच्या अपेक्षेशी ताडून पाहिला पाहिजे, आणि फार वेगळा असेल तर बाजूला ठेवला पाहिजे. शक्य तिथे दोन अल्टिमीटर बसवा. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५जी सुरू होऊ लागले, तेव्हा शेजारच्या पट्ट्यातली ताकद जुन्या अल्टिमीटरमध्ये शिरेल या भीतीने उड्डाणांवर निर्बंध आले होते. मधले अंतर २२० मेगाहर्ट्झचे, तरी जुन्या रिसीव्हरमधले, नको त्या लहरी अडवणारे फिल्टर त्यासाठी बनलेले नव्हते. जुना, वापरलेला अल्टिमीटर स्वस्तात मिळतो म्हणून घेण्याआधी त्याला ५जी अडवणारा फिल्टर बसवला आहे का, ते विचारा.

आणखी एक गैरसमज दूर करतो. विमानात जमिनीच्या धोक्याचा इशारा देणारी टॉस प्रणाली आहे, तिच्यात उंचीचा नकाशा आहे, म्हणजे आपल्याकडे ही सोय आधीच आहे, असे काहींना वाटते. टॉस आपली जागा बहुधा जीपीएसकडून घेते आणि त्या जागेभोवतीचा नकाशा बघते. जागा खोटी असेल तर इशाराही खोटा येतो, स्पूफिंगच्या भागात तसे घडले आहे. ती प्रणाली जागा शोधत नाही.

मग घ्यायचे काय

डोंगराळ किंवा निदान लाटांसारख्या जमिनीवरून, कोणत्याही हवामानात, रात्रीही, ७०० मीटरच्या आत उडायचे असेल आणि आयएनएस बरा असेल, तर रडार अल्टिमीटर, पार्टिकल फिल्टर आणि झोताचे खरे मॉडेल हे त्रिकूट घ्या. यात मला शंका नाही. हवा बहुतेक स्वच्छ असलेल्या प्रदेशात सर्वेक्षणाचे हलके विमान असेल आणि लेझर आधीच बसवलेला असेल, तर त्याच लेझरवर हे काम करा, अचूकता रडारपेक्षा चांगली मिळेल. सपाट, वस्तीच्या मैदानावर दिवसा उडणाऱ्या लहान ड्रोनला कॅमेराच हवा. मार्ग डोंगर आणि मैदान दोन्हींतून जात असेल तर दोन्ही घ्या, आणि एकाच फिल्टरमध्ये घाला. समुद्रावरून दोन तास जायचे असेल तर यातले काहीच पुरे पडणार नाही. तो पैसा चांगल्या आयएनएसवर लावा, किनारा दिसताच रडार जागा पुन्हा पकडेल.

खरेदीच्या आधी एक काम विमान न उडवता होते. आपल्या नेहमीच्या मार्गांची रेघ उंचीच्या नकाशावर ओढा, दर किलोमीटरला उताराची सरासरी काढा आणि वरचा भागाकार करा. जिथे उत्तर आपल्या गरजेपेक्षा मोठे येते ते पट्टे रंगवा. असे सलग पट्टे आयएनएसच्या सहनशक्तीपेक्षा लांब असतील, तर मार्ग बदलावा लागेल किंवा कॅमेरा जोडावा लागेल.

मग चाचणी. जीपीएस चालू ठेवून उडा, सगळे नोंदवा, आणि जमिनीवर बसून जीपीएस वगळून तीच नोंद प्रणालीतून पुन्हा चालवा. पानगळीत एकदा, भर पावसाळी हिरवाईत एकदा. जागेची चूक किती आली हे बघालच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रणालीने स्वतः किती चूक सांगितली ते पाहा. चूक ३०० मीटर असताना "३०० मीटरची शक्यता आहे" म्हणणारी प्रणाली वापरता येते. ३०० मीटर चुकलेली असताना ४० मीटर सांगणारी प्रणाली परत पाठवा, तिची सरासरी अचूकता कितीही चांगली दिसो.